मेस्त्रींच्या कामावरून दोन पावसाळे गेले, आता लिहितो

चुना, चिरा (जांभा दगड) आणि कौलं यांचं जुन्या रीतीचं काम करणाऱ्या चार माणसांच्या एका पथकाबद्दल हे लिहितोय. एक मुख्य मेस्त्री, एक सुतार आणि हाताखाली दोन पोरं. मेस्त्री राजापूरकडचे, सुतार आमच्याच तालुक्यातले. त्यांचं दुकान नाही, पाटी नाही. एका देवळाचं काम बघून दुसऱ्या गावचे लोक बोलावतात, तशी कामं मिळत जातात. आमच्याकडे त्यांनी मंडणगड तालुक्यातल्या आमच्या गावची मराठी शाळा दुरुस्त केली, फेब्रुवारी ते मे २०२४ या काळात. काम आटोपलं तेव्हाच शाळा व्यवस्थापन समितीतल्या मंडळींनी मला म्हटलं, चार ओळी लिहा, दुसऱ्या गावांना उपयोग होईल. मी थांबलो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे छपराचं काम कसं झालंय हे मे महिन्यात कुणालाच सांगता येत नाही. आता दोन पावसाळे गेलेत. परवा जाऊन चारही भिंतींना हात लावून आलो, पश्चिमेच्या भिंतीशी अर्धा तास बसलो, आणि मग लिहायला घेतलं.

आधी माझ्याबद्दल सांगतो, कारण त्याचा या कामाशी संबंध आहे. मी याच शाळेत पहिली ते सातवी शिकलो. पुढे चौतीस वर्षं घाटावरच्या एका जिल्ह्यात बांधकाम खात्यात शाखा अभियंता म्हणून नोकरी केली. शाळाखोल्या, अंगणवाड्या, साकव, जोडरस्ते अशी कामं. त्यात निर्लेखनाचे प्रस्तावही आले. ज्यांना हा शब्द ठाऊक नाही त्यांच्यासाठी: इमारत वापरण्याजोगी राहिली नाही असं लिहून द्यायचं, ती दप्तरातून कमी करायची, आणि मग ती पाडायला मोकळी होते. माझ्या सहीने अकरा जुन्या शाळा अशा पाडल्या गेल्या. त्यातल्या तीन-चार खरोखरच धोक्याच्या होत्या. बाकीच्या तशा होत्या का, हे आज मला छातीठोकपणे म्हणता येत नाही, आणि ते मनाला लागून राहिलं आहे.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. मंडणगड, दापोली, श्रीवर्धन या भागातल्या लोकांना त्या दुपारबद्दल वेगळं सांगायला नको. आमच्या शाळेच्या दक्षिणेच्या पाख्याची, म्हणजे छपराच्या त्या उतरत्या बाजूची, निम्मी कौलं उडाली, आढ्याजवळचे सात-आठ वासे मोडले, आणि फणसाची फांदी पडवीवर आडवी झाली. त्या पावसात वर निळी ताडपत्री होती. पुढच्या तीन पावसाळ्यांतही ताडपत्रीच होती. मुलं समाजमंदिरात बसत होती. तेवढ्यात भिंतींवर शेवाळ चढलं, आणि रीतसर निर्लेखनाची भाषा सुरू झाली. नव्या दोन खोल्या मिळतील, सपाट स्लॅबच्या. पटावर सतरा मुलं असलेल्या गावाला ‘मिळतील’ या शब्दावर किती विश्वास ठेवायचा, हाही प्रश्न होताच. गावच्या मुंबईकरांच्या मंडळाने सभा घेतली आणि मला विचारलं. मी म्हटलं, पाडण्याआधी एकदा चुन्याचं काम जाणणारा माणूस आणून दाखवू. मेस्त्रींचं नाव मला राजापूरच्या एका नातेवाइकाने सांगितलं होतं.

ते आले तो दिवस मला नीट आठवतो. टेप काढली नाही, वहीही काढली नाही. आधी शाळेभोवती तीन फेऱ्या मारल्या, मग आत जाऊन कोपऱ्यात उकिडवे बसले. नंतर उठून बोटांच्या गाठींनी भिंत ठोकत निघाले, जमिनीपासून कमरेपर्यंत, कमरेपासून डोक्यापर्यंत. चांगल्या ठिकाणी टणक आवाज यायचा. पश्चिमेच्या भिंतीला खालचे तीन फूट बद्द वाजत होते. तिथे त्यांनी खिशातल्या सुरीचं टोक घालून उचकटलं, आणि ताटाएवढा सिमेंटचा पोपडा सुटून त्यांच्या हातात आला. पोपड्याच्या मागच्या बाजूला पाण्याचे थेंब होते. फेब्रुवारी लागायचा होता, चार महिने पावसाचा टिपूस नव्हता, आणि भिंत आतून ओली होती.

“हा गिलावा कोणी केला?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, “१९८८ साली झाला, मेस्त्री. गावाने मला विचारलं होतं. मीच सिमेंट सांगितलं.”

ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “तेव्हा सगळे तेच सांगायचे, साहेब. भिंत कोंडलीय. मोकळी केली की वाचेल.”

ते ‘कोंडलीय’ म्हणाले आणि मला चौतीस वर्षांच्या नोकरीत न उमगलेली गोष्ट समजली. जांभा दगड सच्छिद्र असतो. खाणीतून काढताना तो इतका मऊ की कुऱ्हाडीसारख्या हत्याराने चिरे तासता येतात, वाऱ्यावर राहिला की कडक होतो. पण त्यातली भोकं जात नाहीत. पावसाळ्यात तो जोत्यातून आणि बाहेरून पाणी पितो, आणि ऑक्टोबरनंतर वाऱ्याला ते परत देतो. शंभर वर्षं त्या भिंतीने हेच केलं होतं. वर चुन्याचा गिलावा होता, चुन्यातूनही ओल बाहेर पडते, म्हणून काही बिघडलं नव्हतं. आम्ही बाहेरून सिमेंट चढवलं. पाणी आत यायच्या वाटा राहिल्या, बाहेर जायची बंद झाली. मग ओल वर चढली, चिऱ्याचा पृष्ठभाग सुटून भुगा झाला, आणि भिंतीत बसवलेली तुळईची टोकं कुजली. तालुक्यातल्या जुन्या शाळा ‘वयाने’ गेल्या असं आपण म्हणतो. त्यांतल्या पुष्कळशा आमच्यासारख्यांच्या दुरुस्तीने गेल्या असाव्यात असं मला आता वाटतं.

इमारतीचं वर्णन करतो, म्हणजे काम कशाचं होतं ते कळेल. एकच लांब दालन, अठ्ठेचाळीस फूट बाय वीस. पुढे आठ फुटांची पडवी, तिला किंजळाचे सहा खांब. जोतं अडीच फूट उंच, पुढे काळ्या दगडाच्या चार पायऱ्या. भिंती दीड फुटाच्या, चिरे मातीत बसवलेले आणि बाहेरून दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, तेवढ्या चुन्याने भरलेल्या. खिडक्या मोठ्या, पण त्यांचा तळ जमिनीपासून चार फुटांवर. बसलेल्या मुलाला खिडकीतून आभाळ आणि झाडाचा शेंडा दिसतो, रस्ता दिसत नाही. दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत आढ्याखाली एकेक गोल झरोका, गरम हवा तिथून बाहेर जाते. एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता पत्र्याच्या समाजमंदिरात बसवत नाही आणि शाळेत बसवतं, ते या उंचीमुळे, कौलांच्या सांध्यांतून फिरणाऱ्या वाऱ्यामुळे आणि या दोन झरोक्यांमुळे. छपराला सागाच्या चार कैच्या, म्हणजे भार पेलणारे त्रिकोणी सांगाडे, त्यावर ऐनाचे वासे, रिपा आणि मंगळुरी कौलं. पाख्याच्या मध्यावर चार काचेची कौलं. त्यांतल्या एकातून उन्हाचा चौकोन जमिनीवर पडायचा. तो गुरुजींच्या टेबलाच्या पायाशी पोचला की मधली सुट्टी जवळ आली असं आम्ही मुलं ओळखायचो. चौकोन ऋतूप्रमाणे सरकतो, म्हणून थंडीत आमचा हिशेब चुकायचा.

ही इमारत किती जुनी? गावात सगळे १८६५ सांगायचे. पुरावा म्हणून कौल दाखवायचे. कौलाच्या पोटावर उठावदार अक्षरांत ‘बासेल मिशन टाइल वर्क्स, १८६५’ असा शिक्का आहे. शाळेच्या एका कार्यक्रमपत्रिकेवर हे साल छापलंसुद्धा गेलं. कौलं उतरवताना मेस्त्रींनी ती जातवार लावून ठेवली आणि मला बोलावलं. तीन शिक्के निघाले. बासेल मिशन १८६५, अल्बुकर्क १८६८, आणि काहींवर कॉमनवेल्थ. मेस्त्री म्हणाले, “हे साल कारखान्याचं, साहेब. मी हाच आकडा देवळांवर बघितलाय, बंगल्यांवर बघितलाय.” ते बरोबर होते. स्वित्झर्लंडमधल्या बासेल गावच्या मिशनने मंगळूरला जेप्पूमध्ये कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली, आणि पुढे कित्येक दशकं ते साल शिक्क्यात राहिलं. पहिल्या महायुद्धानंतर मिशनचे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले, म्हणून त्या नावाची कौलं त्यानंतरची. म्हणजे आमच्या छपरावर निदान दोन पिढ्यांची कौलं होती. बासेलची सगळ्यात जास्त, उत्तरेच्या पाख्यावर सलग. कॉमनवेल्थची मधेमधे, फुटली तिथे बदललेली.

मग मी मुख्याध्यापिका मॅडमच्या परवानगीने कपाट उघडून बघितलं. उरलेल्यांत सगळ्यात जुनी दाखल-खारीज नोंदवही १८९४ पासूनची आहे, सुरुवातीची पानं मोडीत. त्याच्याही आधी शाळा खोतांच्या पडवीत भरायची असं माझे आजोबा सांगत. शाळा आणि शाळेची इमारत यांची वयं वेगळी असतात, एवढं मी यातून शिकलो. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंडाचा कर बसला आणि त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणासाठी राखला गेला. खेड्यापाड्यांत मराठी शाळा उघडल्या त्या बऱ्याच अंशी या आण्यावर, म्हणजे शेतकऱ्याच्याच पैशावर. १८८४ च्या कायद्याने जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डं आली आणि हा कारभार हळूहळू त्यांच्याकडे गेला. १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळा स्थानिक मंडळांच्या ताब्यात आणखी पक्क्या आल्या. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. माझी आजी मात्र शेवटपर्यंत ‘बोर्डाची शाळा’च म्हणायची.

हा सगळा इतिहास भिंतीवर एकावर एक चढलेला निघाला. दाराच्या वर निळ्या रंगात ‘जिल्हा परिषद पूर्ण प्राथमिक शाळा’ आहे, ते सगळ्यांना ठाऊक. सिमेंट उतरवताना मेस्त्रींनी दारावरचा तुकडा तेवढा शेवटी ठेवला. हातोडा बाजूला ठेवून ओलं फडकं आणि सुरी घेतली, आणि तीन दिवस सकाळच्या उजेडात एकेक पापुद्रा काढत बसले. सिमेंटखाली गेरूच्या रंगात ‘जीवन शिक्षण मंदिर’ ही अक्षरं आली. मूलोद्योगी, म्हणजे हस्तव्यवसायातून द्यायच्या शिक्षणाच्या काळात कितीतरी शाळांना हे नाव मिळालं होतं. आमच्याकडे त्या काळचे चार चरखे माळ्यावर होते, ते मी लहानपणी पाहिलेत. त्याच्याखाली काळ्या शाईसारख्या रंगात, वळणदार अक्षरांत, ‘लोकल बोर्ड मराठी शा’ एवढं. ‘ळा’ चिऱ्याबरोबर गळून गेला होता. मेस्त्रींनी विचारलं, काय करू? आम्ही सांगितलं, ठेवा. आता दारावर तीन पायऱ्यांसारखी तीन नावं दिसतात, भोवती चुन्याची बारीक किनार ओढलेली. एकटा उरलेला ‘शा’ बघायला मुलं पाहुण्यांना हात धरून नेतात.

पडवीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. पडवीच्या पूर्व टोकाला एक वेगळी पायरी आहे, मुख्य पायऱ्यांपासून लांब, आणि तिथेच भिंतीत एक खिडकी आहे जी बाकीच्या खिडक्यांपेक्षा खाली, जमिनीपासून दोन फुटांवर आहे. आम्ही लहानपणी तिथून उड्या मारायचो, ती तशी का हे कुणी विचारलं नाही. दुरुस्तीच्या सभेत एकाने सुचवलं की ही पायरी काढू, खिडकी बुजवू, भिंत मजबूत होईल. तेव्हा बौद्धवाडीतल्या एक आजी उठल्या. त्यांचे वडील त्या पायरीने चढायचे. आत बसायला परवानगी नव्हती, म्हणून त्या खिडकीशी पडवीत बसून शिकले. पाटीवर लिहिलेलं खिडकीतून दाखवायचं. आजी एवढंच म्हणाल्या, “खिडकी बुजवू नका. माझा बाप तिथे शिकला.” कुणी पुढे बोललं नाही.

बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे आमच्याच तालुक्यात आहे. साताऱ्याच्या शाळेत त्यांना वेगळं, गोणपाटावर बसवलं जायचं, हे आपण सगळे वाचतो. वाचताना ते कुठेतरी दूर घडल्यासारखं वाटतं. मुंबई कायदे कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ ला सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, सार्वजनिक पैशांतून चालणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्य मानलेल्यांना खुले करण्याचा. ठरावानंतरही किती शाळांत पडवी तशीच राहिली, हे त्या त्या पडवीलाच ठाऊक. मेस्त्रींनी त्या खिडकीची कुजलेली चौकट बदलली, पण उंची तीच ठेवली. पायरीचा एक दगड खचला होता तो उचलून खाली खडी भरून पुन्हा तोच दगड बसवला. आता त्या खिडकीच्या आत वाचनाचा कोपरा आहे.

आता कामाच्या दर्जाबद्दल, मुद्द्याचं.

चुना. त्यांनी कळीचा चुना आणून शाळेमागे खड्डा खणला, पाण्यात विरवला आणि तीन आठवडे हात लावला नाही. चुनखडी भट्टीत भाजली की कळी होते, पाणी घातलं की उकळ्या फुटून विरते, आणि भिंतीवर चढल्यावर हवेतला कार्बन वायू घेऊन सावकाश पुन्हा दगड होते. सिमेंटसारखी घाई तिला चालत नाही. गिलाव्याला एक भाग चुना, दोन भाग धुतलेली रेती आणि एक भाग सुरखी, म्हणजे जुन्या विटांचा चाळलेला भुगा. गूळ आणि हिरड्याचं पाणी त्यांनी स्वतःच्या अंदाजाने घातलं, माप विचारलं तर हाताने दाखवलं. मला अभियंता म्हणून इथे लेखी माप हवं होतं. पण दोन पावसाळ्यांनंतर उत्तरेची आणि पूर्वेची भिंत कुठेही पोकळ वाजत नाही.

सुतारकाम सगळ्यात सरस. चार कैच्यांपैकी दोन कैच्यांच्या तुळयांची भिंतीतली टोकं कुजली होती, फूट-दीड फूट. मी खात्यात असतो तर आख्खी कैची रद्द करून लोखंडी सुचवली असती. सुतारांनी खालून टेकू दिले, कुजका भाग चांगलं लाकूड लागेपर्यंत कापला, आणि एका पाडलेल्या वाड्याच्या जुन्या सागाचा तुकडा लांब तिरक्या सांध्याने जोडला. सांध्यात लाकडी खुंट्या, बाहेरून दोन पट्ट्या. सांधा बसवण्याआधी त्यांनी दोन्ही तोंडांना खडू फासला, एकमेकांवर टेकवून परत उचललं, जिथे खडू पुसला गेला तिथे उंचवटा म्हणून रंधा मारला. असं सहा वेळा. सातव्यांदा टेकवल्यावर मला मधे नख घालायला जागा सापडली नाही. टोकं परत भिंतीत घालताना भोवती बोटभर मोकळी जागा ठेवली, वारा खेळायला.

कौलं. शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे या हिशेबाने आमच्या छपराला एकोणतीसशेच्या आसपास लागतात. त्यांतली दोन हजारांवर जुनीच परत चढली. प्रत्येक कौल हातात घेऊन दुसऱ्या हाताच्या बोटाने वाजवलं, खणखणलं तर ठेवलं, भसभसलं तर बाजूला. जुनी सगळी उत्तरेला आणि पडवीवर, नवी सगळी मागे. नवी-जुनी मिसळली तर खाचा नीट बसत नाहीत, हे त्यांनी सांगितलं आणि चार कौलं लावून दाखवलंही. काचेची कौलं मात्र त्यांनी आधी एक ओळ चुकवून लावली होती. मी सांगितलं, उन्हाचा चौकोन टेबलाशी यायला हवा. मुकाट्याने वर चढून बदलली.

तक्रारी आहेत, त्याही लिहितो. संक्रांतीनंतर लगेच येतो म्हणाले आणि तीन आठवडे उशिरा आले. मधे शिमग्याचे दहा दिवस गेले, ते जाणारच, कोकणात शिमग्याला कोण काम करणार. पण या उशिरामुळे पश्चिमेची भिंत सगळ्यात शेवटी, मे महिन्यात झाली, आणि चुन्याला पावसाआधी पुरेसे दिवस मिळाले नाहीत. आम्ही माडाच्या झावळ्यांची झापं बांधली, तरी पहिल्या पावसात कोपऱ्याचा दोन हात गिलावा मऊ पडून गळला. कोन्यांत, म्हणजे आढ्यावर बसवलेल्या कौलांत, एका जागी पाणीही आलं, चौथीच्या बाकावर. फोन केला तर गणपतीनंतर येतो म्हणाले. गणपतीनंतर खरंच आले, कोने उचलून पुन्हा भरले, कोपरा करून दिला, पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या पावसात दोन्ही ठिकाणी कोरडं होतं.

हिशेब हा त्यांचा कच्चा भाग. सगळं एका दुमडलेल्या वहीत. शाळेच्या समितीला पावत्या लागतात, लेखापरीक्षण असतं. शेवटी मीच त्यांच्या वहीवरून मोजमापं लिहून, साहित्याच्या पावत्या दुकानदारांकडून मागून आणून फाइल केली. तुमच्या गावात हे करणारं माणूस नसेल तर आधीच ठरवून ठेवा. विजेच्या वायरिंगला ते हात लावत नाहीत, वेगळा माणूस बघावा लागतो. आणि चुन्याचा हात पहिले दोन महिने अंगाला लागतो. मुलांचे गणवेश पांढरे व्हायचे, काही आयांनी मला रस्त्यात गाठून ऐकवलं. नंतर आपोआप थांबलं.

खर्च: चार माणसं, कामाचे ७२ दिवस, लाकूड, चुना, नवी कौलं सगळं धरून सहा लाखांच्या आत. निम्म्याहून जास्त मुंबईकरांनी दिले, बाकीचे गावातून. नव्या दोन खोल्यांचं जे अंदाजपत्रक आमच्यासमोर होतं ते याच्या तिपटीच्या वर होतं. जागा आणि इमारत जिल्हा परिषदेची असते, तेव्हा गावाचा पैसा असला तरी लेखी परवानगीशिवाय खिळासुद्धा मारू नका. आम्हाला ती मिळायला सात महिने लागले.

एक विनंती. मेस्त्रींना बोलवाल तर भिंतीचं आधी काहीही तोडू नका. रंगसुद्धा खरवडू नका. त्यांना इमारत आहे तशी बघायची असते. पावसात ती कुठे ओली होते हे ते कोरड्या दिवसांत डागांवरून वाचतात, ते डाग पुसले तर त्यांचं अर्धं काम अवघड होतं. आणि ऑक्टोबरमध्येच शब्द घ्या, दिवाळीनंतर त्यांचा हंगाम भरलेला असतो.

एका गोष्टीने मला अजून आश्चर्य वाटतं. पूर्वी शाळा तपासायला दिपोटी, म्हणजे सरकारी तपासनीस, यायचे तेव्हा आदल्या दिवशी जमीन सारवायचो, तोरण लावायचो, असं वडील सांगायचे. वरच्या परीक्षांना तर किती लांब जावं लागायचं. आमच्या शेजारच्या दापोली तालुक्यातल्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे विद्यार्थी असताना परीक्षेसाठी साताऱ्याला पायी गेले, आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना बसू दिलं नाही. एवढ्या ओढीने लोकांनी ज्या शाळा उभ्या केल्या, त्यांच्या भिंतींवरचा गिलावा कोणी, कशाचा केला हे मी अभियंता असून एकदाही विचारलं नव्हतं. मेस्त्री सातवी शिकलेत. त्यांनी पहिल्या दिवशी पहिला प्रश्न तोच विचारला.

पाचपैकी साडेचार. अर्धा उशिरासाठी आणि वहीसाठी कापला.

गेल्या महिन्यात खाडीपलीकडच्या एका गावचे लोक शाळा बघायला आले होते. त्यांच्याकडे अशीच चिऱ्याची इमारत आहे, निर्लेखनाचा प्रस्ताव तयार आहे, बाहेरून सिमेंट. मी बरोबर गेलो, बोटांच्या गाठींनी भिंत ठोकून बघितली. खालचे दोन फूट बद्द वाजतात, वर टणक आहे. मेस्त्रींना फोन लावून तो आवाज ऐकवला. ते म्हणाले, “चौकटी काढू देऊ नका. मार्चला येतो.”